'होय' दारावरचा माणूस

संसदेने समुद्र देऊन टाकला त्या दिवशी दारवान जरा उद्धटपणे वागला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याच्या आईने त्याला लहानपणी चांगलं वागायला शिकवलं होतं. बाकी काही शिकवायला तिला वेळ मिळाला नव्हता.

त्या संसदेत मतदानाची रीत जुनी होती. बटणं नव्हती, हात वर करणं नव्हतं. मतदान पुकारलं की सगळे खासदार उठून बाहेरच्या लांबलचक बोळात जात आणि घंटा सुरू होई. ज्याला 'होय' म्हणायचं तो एका दाराने परत आत येई, ज्याला 'नाही' म्हणायचं तो दुसऱ्या दाराने. घंटा वाजतेय तोवर दारं उघडी. घंटा थांबली की दोन्ही दारवानांनी दारं ओढून अडसर घालायचा आणि कोण कुठून आत आलं ते मोजायचं. बाहेर राहिला तो राहिला, मग तो पंतप्रधान का असेना.

आपला दारवान 'होय' दारावर होता. 'नाही' दार बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिन्यापलीकडे. तिथल्या दारवानाला सगळे चिमटा म्हणत. घंटा थांबल्याबरोबर दार ओढताना त्याने एकदा एका खासदाराच्या कोटाचं टोक दारात पकडलं होतं आणि वर शेरा मारला होता की कोट आत आहे, पण माणूस बाहेर आहे, तेव्हा मत कोटाचं धरावं की कसं ते वरिष्ठांनी ठरवावं.

करार पलीकडच्या किनाऱ्यावरच्या देशाशी होता. समुद्रात एक रेघ ओढायची. अलीकडचं पाणी आपलं, पलीकडचं त्यांचं. मासे जवळजवळ सगळे पलीकडे होते. अलीकडे पाणी होतं. बदल्यात तो देश आपल्याला स्वस्तात वीज देणार होता. म्हणजे मासे मिळणार नव्हते, पण ते ठेवायचा फ्रीज फुकटासारखा चालणार होता.

दारवानाची बायको होडीवाल्यांच्या घरातली. सासरे होडीवर म्हातारे झालेले, मेहुणा त्याच होडीवर तरुण झालेला. तरी मतदानाच्या दिवशी दारवान नेहमीसारखा गणवेश घालून उभा राहिला. दारवानाला मत नसतं, दार असतं.

घंटा थांबली. त्याने दार ओढायला घेतलं, तेवढ्यात बोळातून ठक ठक आवाज आला. आजोबा. संसदेतले सगळ्यांत जुने खासदार. इतके जुने, की कुठल्या पक्षाचे हे विचारायचं आता कुणाला सुचत नसे. काखेत कुबडी, कपाळावर घाम. दारवानाचा हात आपोआप थांबला.

“या आजोबा, या. सावकाश. घाई नाही.”

घंटा थांबून गेली होती आणि तो म्हणाला, घाई नाही.

आजोबा क्षणभर थबकले. त्यांनी बोळाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं, मग दारवानाकडे पाहिलं, मग मान डोलावून आत आले. त्याने त्यांना कोपराला धरून उंबरठाही ओलांडून दिला. मग दार लागलं, मोजणी झाली, आणि करार एका मताने मंजूर झाला.

लोकांचं डोकं फिरलं, आणि फिरायलाच हवं होतं. त्यातच संध्याकाळच्या बातम्यांत एक चित्रफीत आली. सभापतींच्या खुर्चीवर रोखलेल्या कॅमेऱ्यात कोपऱ्यात चुकून 'होय' दाराची कड दिसत होती. घंटा थांबलेली, आणि दाराच्या कडेवर एक हात. दार धरून ठेवणारा. माणूस दिसत नव्हता, नुसता हात. टीव्हीवाल्यांनी तो हात मोठा करून, लाल गोल काढून दोन दिवस दाखवला. चर्चेला एक वकील, एक हाडांचा डॉक्टर आणि एक हस्तरेषातज्ज्ञ बोलावले. वकील म्हणाला, हा कट आहे. डॉक्टर म्हणाला, हा मधुमेह असू शकतो. हस्तरेषातज्ज्ञ म्हणाला, चित्र धूसर आहे, पण या माणसाच्या नशिबी घरचं सुख दिसत नाही.

तेवढ्यात दारवानाच्या बायकोने टीव्ही बंद केला.

“हा हात मी ओळखते,” ती म्हणाली.

“कुणाचा आहे?” दारवानाने विचारलं. दुसरं काय विचारणार?

“इतक्या वर्षांत या हाताने घरात एक ताट उचललेलं मी पाहिलं नाही. आणि माझ्या माहेरचा समुद्र मात्र बरा उचलून दिला!”

“अगं, म्हातारा माणूस. दमलेला. त्याच्या तोंडावर दार लावायचं का?”

“तुम्ही सगळ्यांशी चांगले वागता हो,” ती म्हणाली. “आम्ही त्या सगळ्यांत येत नाही का?”

एवढं बोलून ती गप्प झाली. ती बोलत असली की दारवानाला भीती वाटे. गप्प झाली की खात्री पटे.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. होडी बंद, म्हणून बायको-पोरांसकट आला आणि दोन खोल्यांच्या सरकारी घरात मुक्काम टाकून राहिला. सासरे जाळं घेऊन आले. म्हणाले, तिकडे ठेवलं तर कुणी नेईल. त्या जाळ्यावर दारवानाला अंथरूण मिळालं. सकाळी उठताना त्याला हातपाय सोडवून घ्यायला मदत लागे.

आणि मग दारांचा मोर्चा निघाला. कुणाच्या डोक्यातून निघालं कुणास ठाऊक, पण किनाऱ्यावरच्या लोकांनी घरांची दारं बिजागऱ्यांतून काढली आणि डोक्यावर घेऊन संसदेसमोरच्या चौकात आणली. बघता बघता शहरही सामील झालं. दुकानांची दारं आली, शाळेची आली, एका दवाखान्याचं 'आत येण्यापूर्वी बेल वाजवा' असं लिहिलेलं दार आलं. चोरांनी सुरुवातीला आनंद मानला. मग उघड्या घरात शिरण्यात काही कसब राहिलं नाही म्हणून तेही नाराज झाले. कराराच्या बाजूच्या लोकांनी उत्तर म्हणून कुलुपांचा मोर्चा काढला. दोन्ही मोर्चे चौकात एकमेकांना भिडले तेव्हा तिथे जवळजवळ एक घर तयार झालं. पोलिसांनी ते पांगवलं.

मेहुण्याने न विचारता दारवानाच्या घराचं दार काढलं.

“भावोजी, तुमचं दार पाहिजे,” बिजागरीचा शेवटचा स्क्रू खिशात टाकताना तो म्हणाला. “सगळ्यांची आलीत, आपलं नसेल तर लोक नावं ठेवतील.”

“अरे पण घर उघडं राहील ना!”

“तुम्ही आहात की. दारात उभं राहायची तुम्हाला सवयच आहे.”

दार धरलं कुणी हे मेहुण्याला अजून ठाऊक नव्हतं. बायकोने सांगितलं नव्हतं, ही तिची मेहेरबानी होती की शिक्षा, हे दारवानाला कळत नव्हतं. मेहुणा रोज सकाळी जाळ्यात अडकलेल्या दारवानाला सोडवताना म्हणे, “तो हातवाला एकदा सापडू दे, भावोजी. नुसता सापडू दे.” आणि दारवान स्वतःचा हात जाळ्यातून सावकाश बाहेर काढे.

चौथ्या की पाचव्या दिवशी आजोबांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. संसदेच्या तळमजल्यावरची लहानशी खोली, खिडकीतून चौकातली दारं दिसत होती. आजोबांनी त्याला बसवलं, स्वतःच्या थर्मासमधला चहा ओतून दिला. 

“तुला एक सांगतो,” ते म्हणाले, “पण माझ्यावर चिडायचं नाही.”

“छे छे, आजोबा.”

“मला 'नाही' दाराने जायचं होतं.”

दारवानाने कप खाली ठेवला.

“माझा त्या कराराला विरोध होता रे. भाषण केलं होतं मी. सगळे जेवायला गेले होते तेव्हा केलं, पण केलं. निघालो होतो 'नाही' दाराकडेच. तुझ्या दारावरूनच रस्ता जातो. आणि तू म्हणालास, या आजोबा, या.”

“मग... नाही म्हणायचं ना!”

“इतक्या आपुलकीने बोलावलंस,” आजोबा म्हणाले, “दार धरून उभा राहिलास. घंटा थांबलेली, तुझी नोकरी जायची, तरी उभा. त्याला मी म्हणू, नको बाबा, मी त्या दाराने जातो? बरं दिसलं असतं का ते?”

खिडकीबाहेर कुणीतरी घोषणा देत होतं: दार कुणी धरलं, समुद्र कुणी विकला! दारवानाच्या लक्षात आलं की देशाचा समुद्र पैशाने गेला नव्हता, धाकाने गेला नव्हता. दोन भिडस्त माणसांनी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करताना तो मधल्या मध्ये सांडला होता.

“आजोबा, हे बाहेर सांगा. हवं तर माझं नाव घ्या.”

“कोण विश्वास ठेवेल? म्हणतील, म्हातारा विकला गेला आणि आता गोष्टी सांगतो. विकला गेलो असतो तर निदान कुबडी तरी नवी घेतली असती. तुझ्या दाराचं मात्र सांगता येईल. त्या चित्रफितीवरून चौकशी बसलीय. घंटा थांबल्यावर दार उघडं होतं, असं तू तिथे सांगितलंस तर माझं मत बाद. मग मतं समसमान, आणि समसमान झालं की करार पडतो.”

“आणि माझी नोकरी?”

“ती जाईल,” आजोबा म्हणाले. “अजून घेतोस का चहा?”

तो घेतला. नको कसं म्हणणार?

दारवान घरी आला तेव्हा मेहुणा होडीच्या इंजिनाचं तेल मोजत होता. चौकशी संपून करार कायम झाला की होडीवाले सगळे मिळून रेघ ओलांडणार, असं ठरलं होतं. पलीकडच्या गस्ती बोटींनी आदल्या दिवशी एका होडीच्या पुढ्यात पाण्यात गोळ्या झाडल्या होत्या. पुढच्या वेळी पाण्यात झाडणार नाही, असं भोंग्यावरून सांगितलंही होतं.

“मग जाऊ नका ना!” दारवान म्हणाला.

“भावोजी, दुसरं येतं काय आम्हाला?”

“मीपण जाणार,” सासरे कोपऱ्यातून म्हणाले. “मला मारलं तर त्यांना पाप लागेल.”

बायको भांडी घासत होती. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. दारवानाने त्याच क्षणी ठरवलं की नोकरी गेली तरी चालेल, पण खरं बोलायचं.

चौकशी समितीपुढे तो इस्त्रीचा गणवेश घालून गेला. इस्त्री बायकोने केली होती, इतक्या दिवसांनी. समितीच्या अध्यक्षाबाई सरकार पक्षाच्या होत्या, पण बोलायला गोड.

“घंटा थांबली तेव्हा दार कसं होतं?”

“उघडं होतं, बाई. मी धरून ठेवलं होतं. तो हात माझा आहे.” त्याने हात पुढे करून दाखवला. सगळ्यांनी वाकून पाहिला.

“तुम्ही फार थकलेले दिसता,” अध्यक्षाबाई म्हणाल्या.

“झोप होत नाही. घराला दार नाही.”

“कुठे गेलं?”

“मोर्च्यात.”

समितीने एकमेकांकडे पाहिलं. “म्हणजे तुमच्या घरून मोर्च्याला साहित्य जातं?”

“मेहुण्याने नेलं हो. तो होडीवाला आहे.”

“अच्छा! म्हणजे या समुद्राशी तुमचा संबंध आहे.”

“मला पोहतासुद्धा येत नाही, बाई.”

“संबंध विचारला, पोहणं नाही विचारलं.” अध्यक्षाबाईंनी चष्मा काढला. “हे पाहा, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला आदर आहे. पण तुम्ही नात्यात अडकलेले आहात. तेव्हा दार वेळेत लागलं होतं की नव्हतं, हा प्रश्न आपण उद्या सभागृहापुढे ठेवू. बहुमत ठरवेल.”

“पण ते उघडं होतं.”

“ते उद्या कळेल. आणि काळजी करू नका. ठराव मंजूर झाला, की दार तुम्ही वेळेत लावलं असं सिद्ध होतं. तुमच्यावर ठपका नाही. उलट कौतुकाचे दोन शब्द बोलू आम्ही.”

दारवान बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःचं वाटोळं करायचं ठरवलं होतं, आणि तेही लोकांनी होऊ दिलं नव्हतं. चिमटा बोळात उभा होता.

“काय झालं?”

“उद्या मतदान आहे. मी दार लावलं होतं की नाही त्यावर.”

“कुठल्या दारांनी?”

“याच.”

चिमट्याने खूप विचार केला. “मग उद्या वेळेत लाव म्हणजे झालं,” तो म्हणाला.

दारवानाने ते घरी सांगितलं. सगळंच सांगितलं, हात कुणाचा तेही. मेहुणा उठून उभा राहिला, त्याच्यापाशी आला, आणि इतके दिवस काय काय करीन म्हणत होता त्यातलं काहीच न करता परत बसला. ते जास्त लागलं. मग तेलाचा डबा उचलून तो सासऱ्यांना म्हणाला, “चला बाबा. उद्याचं काय ते ठरलेलंच आहे. ठराव झाल्याचं कळलं, की सुटायचं.” दोघं उघड्या चौकटीतून बाहेर पडले, किनाऱ्याकडे. बायको त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेली, आणि परत येऊन जाळ्यावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह गच्च भरलं. ठराव वाचला गेला: 'होय' दार त्या दिवशी वेळेत बंद झालं होतं असं हे सभागृह मानतं. खासदार बोळात गेले. घंटा सुरू झाली.

विरोधी बाजूचे लोक लगबगीने 'नाही' दाराने आत येऊ लागले. सरकारी बाजूला मात्र घाई नव्हती. बहुमत खिशात असलेली माणसं बोळात घोळके करून चहा पीत होती, हसत होती. शेवटच्या ठोक्याला आत यायचं, ही त्यांची नेहमीची ऐट. 'होय' दाराने जेमतेम पाच-सहा जण आत आले होते. दारवान दारात उभा होता. त्याला बोळातले कप दिसत होते. त्याला होडी दिसत होती, आणि सासरे, पाप लागेल म्हणून पुढे बसलेले.

घंटा वाजत असताना त्याने दार ओढलं आणि अडसर घातला.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग बाहेरून एक थाप आली. मग पुष्कळ आल्या.

“अरे, घंटा चालू आहे!”

“दार लागलंय, साहेब,” दारवान म्हणाला. आवाज त्याचा नव्हता, चिमट्याचा वाटत होता.

सभापती खुर्चीतून उठले. “दारवान, दार उघडा.”

त्याने पाठ दाराला लावली, आणि मान हलवली.

“दार उघडेपर्यंत घंटा थांबवू नका!” सभापतींनी हुकूम सोडला. घंटा थांबली असती तर मोजणी होऊन ठराव पडला असता, करारही पडला असता. म्हणून घंटा वाजत राहिली. सुरक्षारक्षकांना बोलावलं, पण मतदान चालू असताना खासदार आणि दारवान सोडून कुणी आत पाऊल ठेवायचं नाही आणि अडसराला दारवानाशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. तो मोडायचा तर त्यावर मतदान घ्यावं लागलं असतं. सरकारी लोकांना आत यायला 'नाही' दार उघडंच होतं, पण त्या दाराने आलं की मत 'नाही' धरलं जाणार. संडास आतल्या बाजूला होते. एका मंत्र्याला इतकी निकड झाली, की तो देशहिताचा विचार न करता 'नाही' दाराने धावत आत आला. चिमट्याने त्याला मोजला. लांबलेल्या घंटेमुळे आजोबाही ठक ठक करत 'नाही' दाराशी पोचले. तिथे त्यांना कुणी या म्हटलं नाही, कोपराला धरलं नाही. ते अगदी मोकळ्या मनाने आत आले.

बाहेरचे आता धमक्या देत होते. नोकरी जाईल. गेली. घर जाईल. त्याला दारही नव्हतं. तुरुंगात सडशील. त्या सगळ्याचा दारवानाला उलट आधार वाटत होता. शिव्यांना टेकून माणसाला उभं राहता येतं.

मग थापा थांबल्या. कुजबुज झाली. आणि फळीपलीकडून एका बाईचा दमलेला आवाज आला.

“दादा, ऐकता का? मला सातवा महिना आहे. फार वेळ उभी आहे हो. जरा उघडता? माझ्यापुरतं.”

दारवानाचा उजवा हात अडसरावर गेला. त्याने नेला नव्हता, गेला. त्याने तो डाव्या हाताने धरून खाली आणला.

“ताई, त्यांना म्हणा खुर्ची द्यायला.”

“खुर्च्या आत आहेत.”

“मग त्या दाराने या. ते उघडं आहे.”

“तिथवर चालवत नाही हो.”

ती खरं बोलत होती, की तिला कुणी पुढे केलं होतं, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. दार उघडलं तरच कळलं असतं. उघडलं की सगळे आत. सगळे आत की ठराव मंजूर. ठराव मंजूर की होडी सुटणार. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात पुन्हा वर निघाला होता. त्याने तो गुडघ्यांत दाबला, आणि त्यासाठी त्याला खाली बसावं लागलं.

“ताई,” तो म्हणाला, “खाली बसा. जमिनीवर. दाराला टेका. मीही बसलोय.”

 पलीकडे कपड्यांची सळसळ झाली, आणि फळीतून त्याच्या पाठीला हलकासा भार जाणवला. कुणीतरी खरंच टेकलं होतं.  नुसती घंटा वाजत होती.

“बरं वाटतंय का?” त्याने विचारलं.

“थोडं,” ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, “उघडता?”

“नाही हो, ताई,” दारवान म्हणाला, आणि तिच्या पाठीला धक्का लागू नये म्हणून हुंदका गिळला.